गुऱ्हाळावरच्या तीन तबकड्या

माझ्या नवऱ्यानं धाकट्या भावाकडून तीन तबकड्या आणि त्या वाजवायचं मशीन घेतलं, तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते आणि पुढचं काही घडलं नसतं. म्हणून तेवढ्यापुरतं मी त्यांना माफ केलं आहे.

त्यांचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण वाचणाऱ्याचा घोळ नको म्हणून एकदाच लिहिते, आकाराम. आष्ट्यापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावच्या सयाजी पाटलांच्या गुऱ्हाळावर हे गुळवे. ऊस कुणाचाही असो, जाळ कुणीही घालो, रसाची काहील चुलाणावरून कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो. अठरा हंगाम ह्यांचा गूळ सांगलीच्या पेठेत गेला आणि अठराही हंगाम पहिल्या नंबरात लागला. ढेप फोडली की व्यापारी म्हणायचे, हा सयाजीरावांचा माल. माल सयाजीरावांचा असेल, हात आमच्या ह्यांचा होता. पण ते जाऊ दे.

माझे दीर मानसिंग फौजेत. त्र्याहत्तरच्या दिवाळीत ते रजेवर आले ते एक चौकोनी पेटी घेऊनच. झाकण उघडलं की आत तबकडी फिरायची. वीज लागत नसे, पोटात सहा सेल घातले की काम भागायचं. बरोबर मोठाल्या तीन तबकड्या. पहिली फौजेच्या बँडची. दुसरीवर परदेशी वाजंत्री होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर गुडघे उघडे टाकून बसलेली एक गोरी बाई. ती तबकडी मी कायम भिंतीकडे तोंड करून ठेवायची. तिसरी आपल्याकडच्या एका गाणाऱ्या बाईंची. नऊवारी, नाकात नथ, मांडीवर तंबोरा. एका बाजूला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भीमपलास. शब्द म्हणाल तर दहा-बारा, तेही हिंदीतले, आणि तेच बाई उलटेसुलटे करून म्हणत राहायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दिरांना विचारलं होतं, हिला पुढचं पाठ नाही का?

ह्यांनी मशीन गुऱ्हाळावर नेलं आणि चार दिवसांत तिन्ही तबकड्यांना कामाला लावलं. आदण, म्हणजे काहीलभर रस, चुलाणावर चढलं की बँड. जाळ घालणारा गुंडा त्या तालावर चुलाणात चिपाडं ढकलायचा, आणि मध्येच सलाम ठोकायचा. रसातली मळी फेसासारखी वर यायला लागली की गोऱ्या बाईची वाजंत्री. शेवटी रस घट्ट होऊन मोठाले बुडबुडे फुटायला लागले की भीमपलास. बाई संथ चालल्या आहेत तोवर जाळ मोठा. त्यांनी पहिली तान घेतली की गुंडानं हात आखडायचा. बाजू संपून सुई खरखरली की चौघांनी मिळून काहील उतरवायची. लांबलांबची माणसं बघायला यायची. आकारामचा गूळ गाणं ऐकून पिवळा होतो, असं आष्ट्याच्या बाजारात बोललं जायचं, आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे.

मला मात्र ती बाई आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. माझी सवत म्हणायचे मी तिला. रोज दुपारी भाकरी घेऊन जायची ती नेमकी भीमपलास लागायच्या वेळेला. भाकरी गार होते म्हणून, असं मी गुंडाला सांगायची. खरं सांगायचं तर मी चिंचेखाली बसून बाजू संपेपर्यंत ऐकायची, आणि मगच भाकरीचं फडकं सोडायची. भाकरी पार गारढोण झालेली असायची.

माझं माहेर लोणंदच्या बाजूला, दुष्काळी मुलखात. तिथं जात्यावर बसले की माझ्या ओव्या तिसऱ्या घरात ऐकू जायच्या. लग्न होऊन इकडं आले आणि पहिल्याच पहाटे सासूबाई म्हणाल्या, जात्यापरीस सुनंचाच आवाज मोठा हाय. सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून मुकाट्यानं दळायला लागले. पुढं गावात पिठाची गिरणी आली आणि तेही सुटलं. वाईट वाटून घ्यायला तरी सवड कुठं होती? पण ही नथवाली बाई एवढा मोकळा आवाज लावायची आणि तिला कुणी काही बोलत नव्हतं, उलट माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची, हे मला बघतच राहावंसं वाटायचं.

तिच्या गाण्यात दोन जागा माझ्या होत्या. एका ठिकाणी ती मोठी तान घ्यायच्या आधी हळूच खाकरायची. एवढी मोठी बाई, आणि तबकडी भरतानाही घसा साफ करावा लागला. मला त्या खाकरण्याचा फार आधार वाटायचा. दुसरी जागा म्हणजे एका ठिकाणी ती आवाज पार वर न्यायची आणि तिथंच धरून ठेवायची. तिनं आवाज धरला की मी चिंचेखाली श्वास धरायची. पहिल्या हंगामात माझा श्वास मध्येच सुटायचा. दुसऱ्या हंगामात आम्ही दोघी बरोबर संपायला लागलो. तिनं सोडला की मीही सोडायची, आणि मग एकटीच हसायची. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, साळूबाईला वारं लागलं.

शहात्तरचा जानेवारी महिना. तिसरा हंगाम अर्ध्यात आला होता, आणि ह्यांचा गूळ काळवंडायला लागला. आधी थोडासा. मग सांगलीहून निरोप आला की ह्या वेळचा माल दुसऱ्या नंबरात गेला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. गावानं कारणं काढली. कुणी म्हणालं उसाची जातच बदलली, कुणी म्हणालं नदीचं पाणी, कुणी म्हणालं दृष्ट लागली, एवढी माणसं बघायला येतात तर लागणारच. गुंडानं काहिलीवरून लिंबू उतरवलं. गूळ पुन्हा काळाच.

सयाजीआबा तसा चांगला माणूस, पण त्याचाही माल पेठेत पडून राहत होता. त्यानं ह्यांना बोलावून सरळ सांगितलं, की शनिवारचं आदण मी स्वतः बसून बघणार. तेही काळं निघालं तर सोमवारपासून कोल्हापूरकडचा गुळव्या बसेल. अठरा वर्षांचा संबंध म्हणून एवढं तरी आधी सांगतोय, म्हणाला.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मी आधी ओरडले, मग समजूत घातली, मग पुन्हा ओरडले. तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"साळू, मला रंग दिसत न्हाई गं. दोन वर्सं झाली. समदं धुरकट दिसतंय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवतोय, आणि मला पत्ता नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी गाण्याची युक्ती काढली होती. पहिल्या हंगामात डोळे अजून बऱ्यापैकी चालत असताना तिन्ही तबकड्या रसाला नीट जुळवून घेतल्या, आणि पुढं नजर गेली तशी कानानं काहील उतरवायला लागले. घड्याळ का नाही वापरलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, काटे दिसायला नकोत का? आणि दर आदणाला दुसऱ्याला वेळ विचारायला लागलो तर चार दिवसांत गावाला समजेल.

मला राग आला, आणि रडूही आलं. गावानं ज्याचं कौतुक केलं ते नुसतं माझ्या नवऱ्याचं लपणं होतं. पण कानानं दोन वर्षं पहिल्या नंबरात गूळ काढणं हे काय सोपं काम आहे? तेही मी त्यांना बोलून दाखवलं. मग मात्र ते जेवले.

एक गोष्ट तरीही उलगडत नव्हती. तबकडी तीच, काहील तीच, जाळ घालणारा गुंडाही तोच. मग गूळ आताच काळा का?

शनिवारी मी भाकरी घेऊन नेहमीपेक्षा लवकर गेले. सयाजीआबा खुर्ची टाकून काहिलीच्या कट्ट्याजवळ बसला होता. बाया त्या कट्ट्यावर चढत नसत. त्याच्या आजापासूनची तिथली रीत होती. मी चिंचेखाली बसले. रस उकळत होता. आजकाल बँड आणि वाजंत्री बंदच होती. सेल महाग म्हणून हे फक्त भीमपलासच लावायचे, आणि हंगामाच्या सुरुवातीचे सेल पुरवून पुरवून वापरायचे. बुडबुडे कसे आहेत ते त्यांनी गुंडाला सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि सुई टेकवली.

बाई गायला लागल्या. मला वाटलं, आज हिचा घसा बसलाय. मग वाटलं, गेले पंधरा दिवस बसलेलाच आहे की. मी आपली माझ्या जागेची वाट बघत राहिले. ती यायला उशीर करत होती. अखेर बाईंनी आवाज वर नेला आणि धरला, आणि मीही श्वास धरला. आणि माझा श्वास सुटला तरी बाईंचा चालूच होता.

आधी मनात आलं, आपण म्हातारे झालो. मग आलं, हंगामाच्या सुरुवातीला तर जमत होतं. दोन महिन्यांत कुणी एवढं म्हातारं होत नाही. आणि बाई तर मुळीच तरुण होणार नाही, ती तबकडीतली. माझा श्वास काही सेलवर चालत नाही. सेलवर चालते ती बाई.

मी भाकरी तिथंच टाकली आणि धावले. सेल उतरले होते. एकदम नव्हे, रोज थोडे थोडे, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई रोज तसूभर हळू गात होत्या, बाजू रोज तसूभर उशिरा संपत होती, आणि काहील तेवढा वेळ जास्त चुलाणावर राहत होती. ज्याचा कान एवढा तयार, त्यालाही कळलं नाही, कारण कान रोजच्या रोज तिच्याबरोबर हळू होत गेला.

मी कट्ट्याखालून ह्यांना सगळं सांगितलं. दोन वाक्यांत. ह्यांनी सुई उचलली. चेहरा उजळला आणि लगेच पडला. नवे सेल आष्ट्याला मिळणार, सायकलवर जाऊन यायला तास तरी हवा, आणि रस थांबणार नव्हता. अंदाजानं उतरवायची तर अंदाज घ्यायला डोळे नव्हते, आणि पंधरा दिवस मंद गाणं ऐकून कानातला अंदाजही बिघडला होता. सयाजीआबा विचारत होता, काय चाललंय, मशीन का बंद केलं? हे हातातलं रस ढवळायचं फावडं नुसतं धरून उभे राहिले. अठरा वर्षांत त्यांना असं उभं मी बघितलं नव्हतं.

"मी म्हणते," मी म्हणाले.

"काय म्हणतीस?"

"गाणं. बाईनं सोडलं तितनं फुडं."

आणि मी कट्ट्यावर चढले. सयाजीआबा खुर्चीतून उठला, रीत आहे, आजाच्या वेळेपासून बाईमाणूस, असं काहीतरी बोलायला लागला. मी त्याला हात जोडले आणि म्हणाले, की आबा, रीत राहील आणि गूळ जाईल. मग तोंड फिरवून काहिलीकडं बघत आवाज लावला.

पहिला आवाज फाटका निघाला. सव्वीस वर्षं गळ्यात नुसता पडून होता तो. शब्द हिंदीतले, मला अर्थ ठाऊक नाही, काही तर मी माझेच घातले असणार. पण चाल कुठं वळते, कुठं थांबते, कुठं पुन्हा पहिल्या शब्दावर येते, हे सगळं मला पाठ होतं. वेग मी माझ्या श्वासाच्या मापानं धरला, घाई केली नाही आणि रेंगाळलेही नाही. दोन ओळी म्हणून झाल्या असतील नसतील, तोच खालून ठेका सुरू झाला. गुंडा रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बोटं मारत होता. तबकडीतल्या तबलजीचं सगळं त्याला येत होतं. तीन हंगाम तोही नुसती चिपाडं ढकलत बसला नव्हता तर!

ठेका आल्यावर मी सुटले. वाफेनं तोंड भिजलं होतं, पदर कुठं होता कुणास ठाऊक. पहिली तान आली, ती मी घेतली, म्हणजे तानेच्या आसपासचं काहीतरी घेतलं, आणि गुंडानं एका हातानं ठेका धरत दुसऱ्या हातानं जाळ ओढून घेतला. हे फावडं ओढायला लागले. मोठ्या तानेआधी मी खाकरले. मुद्दाम, बाई खाकरते तेवढंच. खालून गुंडा मोठ्यानं हसला, पण ठेका सोडला नाही. रस काढणारे, चिपाडं वाळत टाकणाऱ्या बाया, सगळे काम टाकून कट्ट्याभोवती आले होते. त्यातल्या दोघीतिघी ओठ हलवत होत्या. मला एवढा आनंद झाला होता की भीती वाटायची राहूनच गेली. माझा आवाज मोठा होता, आणि आज तो मोठाच हवा होता.

शेवटच्या ओळी बाई तीनदा म्हणतात आणि गप्प होतात. मी तीनदा म्हटल्या आणि गप्प झाले.

"उतरवा," हे ओरडले.

काहील उतरली. रस वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतला. सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसले. गूळ निवायला लागला की रंग धरतो. तेवढा वेळ मला जितका जड गेला तितका बाळंतपणातही गेला नव्हता. हे फावड्यानं कड ओढत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा ओढत होते. मग त्यांनी फावडं खाली ठेवलं. मला वाटलं आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकतील, काहीतरी सहज विचारल्यासारखं विचारतील. तसं केलं नाही.

"साळू, मला दिसत न्हाई. रंग सांग," सगळ्यांच्या देखत म्हणाले.

सयाजीआबानं चमकून त्यांच्याकडं बघितलं. मी आबाकडं बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष वाफ्यात होतं, कारण चुकीचं सांगून चालणार नव्हतं.

"पिवळा हाय," मी म्हणाले. "झेंडूपरीस फिका, शेवंतीपरीस गडद. कडंला बी काळा न्हाई. मधी तर लय झाक आलाय."

ह्यांनी चिमूटभर गूळ तोडून तोंडात टाकला आणि मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी पुसलं, पदरानं, सगळ्यांसमोर. लाजायचं असेल त्यानं लाजावं.

सयाजीआबानं एक तुकडा उन्हात धरून बघितला, मग खाल्ला, मग आणखी एक खाल्ला. दोन वर्षं आपला गुळव्या डोळ्यांनी बघत नव्हता, हे त्याला गिळायला गुळापेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यानं ह्यांना विचारलं, की मिरजेला डॉक्टरला दाखवलंस का? नाही म्हटल्यावर चार शिव्या दिल्या. मोतीबिंदू काढतात आता, हंगाम संपला की मी स्वतः घेऊन जातो, म्हणाला. कोल्हापूरवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला त्यानं तिथल्या तिथं माणूस पाठवला.

एवढं झाल्यावर तो माझ्याकडं वळला. मी तोवर कट्ट्यावरून उतरून चिंचेकडं निघाले होते, भाकरी कुत्र्यानं नेली की काय ते बघायला.

"साळूबाई," तो म्हणाला, "सेल आणतील सांजंपातूर. पर रंग सांगायला तर माणूसच लागंल. हंगाम सरंस्तोवर रोज यायला जमंल का?"

मी म्हणाले, भाकरी घेऊन रोज येतेच की. तर म्हणाला, भाकरीचं नव्हे, कट्ट्यावर. आणि रीतीचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, त्याच्या आजाला असा भीमपलास कुणी ऐकवला नव्हता. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या होत्या तेव्हाही सगळे हसले होते, पण आज हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

हे चाचपडत कट्ट्यावर जरा पलीकडं सरकून बसले, आणि शेजारची चिपाडं हातानं झाडून टाकली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. चारचौघांत माझ्या माणसानं माझ्यासाठी जागा केली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी जाऊन बसले.